तांदळाचे माप व वजन

तांदूळ मोजण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत : भांड्याने त्याचे आकारमान मोजणे आणि तराजूने त्याचे वजन करणे. पहिल्या पद्धतीत वाटी, शेर, पायली, लिटर इ. एकके वापरतात, तर दुसरीत ग्रॅम, किलोग्रॅम ही एकके वापरतात. आज तांदूळ वजनावर विकत घेतला जातो; स्वयंपाकघरात मात्र तो बहुधा भांड्यानेच मोजला जातो. त्यामुळे एका पद्धतीतील परिमाण दुसऱ्या पद्धतीत आणण्याची गरज वारंवार पडते. पाण्याच्या बाबतीत हे रूपांतर सरळ असते, कारण एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलोग्रॅम भरते. तांदूळ हा सुट्या दाण्यांचा ढीग असल्यामुळे त्याला असा एकच गुणक लावता येत नाही. दाण्याचा प्रकार, मापाचा घाट आणि भरण्याची रीत या तीन गोष्टी ठरल्याखेरीज आकारमानावरून वजन सांगता येत नाही.

मराठीत ‘भात’ हा शब्द शेतातील पीक, त्याचे तुसासकट धान्य आणि शिजवलेले अन्न अशा तिन्ही अर्थांनी वापरतात. प्रस्तुत नोंदीत तुसासकट धान्यास ‘साळ’, सडलेल्या धान्यास ‘तांदूळ’ व शिजवलेल्या अन्नास ‘भात’ असे म्हटले आहे.

स्थूल घनता : तांदळाच्या एका दाण्याची खरी घनता दर घ. सेंमी.ला सु. १·४५ ग्रॅ. असते, म्हणजे दाणा पाण्यात बुडतो. परंतु दाणे भांड्यात भरले असता त्यांच्यामध्ये फटी राहतात व त्या फटींत हवा असते. दाणे आणि फटी मिळून जे आकारमान होते, त्याने वजनास भागले असता येणाऱ्या संख्येस ‘स्थूल घनता’ म्हणतात. तांदळाची स्थूल घनता दर मिलि.ला सु. ०·७८ ते ०·८५ ग्रॅ. असते. यावरून काठापर्यंत भरलेल्या मापात प्रत्यक्ष तांदळाने व्यापलेली जागा सु. ५५ टक्केच असते व उरलेली सु. ४५ टक्के जागा हवेची असते, हे ध्यानात येईल.

फटींचे प्रमाण दाण्याच्या आकारावर अवलंबून असते. बासमतीसारखे लांब व सडपातळ दाणे एकमेकांवर आडवेतिडवे टेकतात आणि त्यांच्यामध्ये अधिक पोकळी राहते. आंबेमोहोरासारखे आखूड दाणे एकमेकांत नीट बसतात. त्यामुळे तेच भांडे त्यांनी भरल्यास वजन अधिक भरते. तांदळात कणी मिसळलेली असल्यास लहान तुकडे फटींत शिरतात व वजन आणखी वाढते. साळीच्या दाण्यावर खरखरीत व हलके तूस असल्यामुळे तिची स्थूल घनता बरीच कमी असते. लाह्यांप्रमाणे फुलवलेल्या तांदळात दाण्याच्या आतच हवा असते. त्याची स्थूल घनता तर तांदळाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते.

पुढील कोष्टकातील आकडे काठासपाट व न ठोकता भरलेल्या मापाचे असून ते सरासरीचे आहेत.

कोष्टक : तांदूळ व तज्जन्य पदार्थांचे वजन आणि आकारमान
लांब दाण्याचा तांदूळ : १०० मिलि. = ७८ ग्रॅ.; १०० ग्रॅ. = १२८ मिलि.
मध्यम दाण्याचा तांदूळ : १०० मिलि. = ८२ ग्रॅ.; १०० ग्रॅ. = १२१ मिलि.
आखूड दाण्याचा तांदूळ : १०० मिलि. = ८५ ग्रॅ.; १०० ग्रॅ. = ११८ मिलि.
उकडा तांदूळ (लांब दाण्याचा) : १०० मिलि. = ७८ ग्रॅ.; १०० ग्रॅ. = १२८ मिलि.
साळ : १०० मिलि. = ५८ ग्रॅ.; १०० ग्रॅ. = १७३ मिलि.
तांदळाचे पीठ : १०० मिलि. = ६७ ग्रॅ.; १०० ग्रॅ. = १५० मिलि.
फुलवलेला तांदूळ : १०० मिलि. = ६ ग्रॅ.; १०० ग्रॅ. = सु. १,७०० मिलि.
भात (लांब दाण्याचा) : १०० मिलि. = ६७ ग्रॅ.; १०० ग्रॅ. = १५० मिलि.
भात (आखूड दाण्याचा) : १०० मिलि. = ७९ ग्रॅ.; १०० ग्रॅ. = १२७ मिलि.

सर्वसाधारण कामासाठी तांदळाचे मिलिलिटरमधील आकारमान ०·८ ने गुणल्यास ग्रॅममधील वजन मिळते व ग्रॅममधील वजन १·२५ ने गुणल्यास मिलिलिटरमधील आकारमान मिळते. वरील कोष्टकातील कोणत्याही तांदळाच्या बाबतीत या नियमाने होणारी चूक सहा टक्क्यांहून अधिक नसते. पीठ, साळ वा भात यांना मात्र हा नियम लागू पडत नाही.

भरण्याची रीत व शीग : एकाच मापात एकच तांदूळ दोनदा भरला, तरी दोन्ही वेळा वजन सारखे येईलच असे नाही. तांदूळ हलके सोडल्यास दाणे सैल बसतात. उंचावरून ओतल्यास किंवा माप आपटल्यास ते दाटून बसतात आणि वजनात सु. ५ ते १० टक्क्यांची वाढ होऊ शकते.

काठाच्या वर राहणाऱ्या निमुळत्या राशीस ‘शीग’ म्हणतात. कोरड्या तांदळाच्या राशीचा उतार क्षितिजाशी सु. ३५ अंशांचा कोन करतो. त्याहून अधिक उभा उतार टिकत नाही, दाणे घरंगळतात. त्यामुळे शिगेत किती धान्य मावेल हे मापाच्या तोंडाच्या रुंदीवरून ठरते. शिगेचे आकारमान तोंडाच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उदा., एक लिटरची दोन दंडगोलाकार मापे घेतली आणि एकाचे तोंड १० सेंमी. व दुसऱ्याचे १४ सेंमी. रुंद असेल, तर पहिल्यावर सु. ९० मिलि. व दुसऱ्यावर सु. २५० मिलि. तांदूळ शिगेच्या रूपाने राहू शकतो. दोन्ही मापे काठापर्यंत सारखीच आहेत. परंतु शिगेने मोजताना उथळ व रुंद मापाने घेणाऱ्यास पाव हिस्सा अधिक मिळतो, तर उंच व अरुंद मापाने घेणाऱ्यास अकराव्या हिश्शाएवढेच अधिक मिळते. ‘मापात पाप’ या म्हणीमागील एक कारण येथे सापडते : माप खोटे नसतानाही माप देण्यात अंतर पडू शकते.

प्राचीन मापे : आकारमान व वजन यांतील संबंधाचा विचार भारतात फार पूर्वीपासून झालेला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात धान्याच्या मापांची श्रेणी ४ कुडव = १ प्रस्थ, ४ प्रस्थ = १ आढक व ४ आढक = १ द्रोण अशी दिली आहे. मापे कोरड्या व टणक लाकडाची करावीत आणि शीग मापाच्या चौथ्या हिश्शाइतकी असावी, किंवा शिगेचे धान्य मापाच्या आतच मावेल अशी त्यांची घडण असावी, असा त्यात निर्देश आहे. आकारमानाचे माप वजनाने बांधण्याची कल्पनाही तेथे आढळते : २०० पल उडीद ज्यात मावतील, तो वसुलीचा द्रोण होय. व्यवहाराचा द्रोण १८७ १/२ पलांचा, वाटपाचा १७५ पलांचा आणि अंतःपुरातील वाटपाचा १६२ १/२ पलांचा सांगितला आहे. म्हणजे एकाच नावाच्या मापाने राजा घेताना २०० पल घेई व देताना १७५ पल देई. वसूल आणि वाटप यांच्यात आठव्या हिश्शाचा फरक मापातच अंतर्भूत केलेला होता.

धान्य कांडल्याने, दळल्याने, भिजवल्याने, वाळवल्याने आणि शिजवल्याने होणारी वाढ वा घट कोष्ठागाराच्या अध्यक्षाने स्वतः पाहून ठरवावी, असेही या ग्रंथात म्हटले आहे. पाच द्रोण, म्हणजे वीस आढक, साळीपासून मिळणारा तांदूळ तो किती सडला आहे त्यानुसार बारा आढकांपासून पाच आढकांपर्यंत कमी होत जातो. बारा आढकांचा भरड तांदूळ हत्तीच्या पिलांसाठी व पाच आढकांचा अतिशुद्ध तांदूळ राजासाठी असे. शिजवल्यावर व्रीहीचे अन्न चौपट व शालीचे पाचपट होते, असे प्रमाण त्यात दिले आहे.

मराठी मुलखातील मापे : महाराष्ट्रात धान्याची मापे दुपटीच्या श्रेणीने चढत जाणारी होती. २ निळवी = १ कोळवे, २ कोळवी = १ चिपटे, २ चिपटी = १ मापटे, २ मापटी = १ शेर, २ शेर = १ अधोली व २ अधोल्या = १ पायली अशी ही श्रेणी होती. त्यापुढे सामान्यतः १६ पायल्यांचा मण व २० मणांची खंडी मानीत; तथापि मण व खंडी यांच्या परिमाणांत स्थानपरत्वे पुष्कळ फरक असे. गोव्यात २० कुडवांची खंडी होती. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट असल्यामुळे तराजूशिवायही धान्याचे समान भाग करणे आणि मापांचा परस्परांशी पडताळा घेणे सोपे जाई. चिपटे हे पायलीचा सोळावा हिस्सा असते, हे माहीत असल्यास ‘पायलीची सामसूम, चिपट्याची धामधूम’ या म्हणीतील उपरोध अधिक स्पष्ट होतो. पायलीने रास मोजताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याचा प्रघात आहे.

शेर व मण ही नावे आकारमान आणि वजन या दोहोंसाठी वापरली जात. त्यामुळे मापी शेर व वजनी शेर असा भेद करावा लागे. वजनी शेरातही एकवाक्यता नव्हती. जुना मुंबई मण २८ पौंडांचा (सु. १२·७ किग्रॅ.) व ४० शेरांचा असल्यामुळे त्यातील शेर सु. ३१८ ग्रॅ. भरे, ८० तोळ्यांचा पक्का शेर सु. ९३३ ग्रॅ. होता आणि त्याचा ४० शेरांचा मण ३७·३२ किग्रॅ.चा होता. जुन्या कागदपत्रांत वा पाककृतींत ‘एक शेर तांदूळ’ असा उल्लेख आढळल्यास तो शेर मापी की वजनी आणि कोणत्या प्रदेशातील, हे ठरविल्याशिवाय त्याचे ग्रॅममध्ये रूपांतर करणे धोक्याचे ठरते.

अन्य देशांतही आकारमानाची एकके हळूहळू वजनाशी बांधली गेली. म्यानमारच्या तांदूळ व्यापारात ‘टोपली’ हे मूळचे आकारमानाचे माप, साळीसाठी ती ४६ पौंडांची (सु. २०·९ किग्रॅ.) व तांदळासाठी ७५ पौंडांची (सु. ३४ किग्रॅ.) ठरविण्यात आली. अमेरिकेत साळीचा बुशेल ४५ पौंडांचा मानतात. जपानमध्ये मात्र ‘गो’ (सु. १८० मिलि.) हे तांदळाचे आकारमानाचे माप घरगुती व्यवहारात टिकून राहिले आहे.

मेट्रिक पद्धती : मुंबई इलाख्यात वजन-मापांत एकसूत्रता आणण्यासाठी १९३२ मध्ये अधिनियम करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या अधिनियमान्वये सबंध देशासाठी मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अंमलात आली. त्या अधिनियमाची जागा १९७६ च्या अधिनियमाने व पुढे वैध मापन अधिनियम, २००९ याने घेतली. हा शेवटचा अधिनियम १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. तांदळाच्या बांधीव पाकिटावर निव्वळ वजन छापलेले असते. वजनामुळे शीग, तोंडाची रुंदी, दाण्याची लांबी व भरण्याची रीत यांवरून होणारे तंटे मिटले. तथापि एक अडचण उरतेच : ओलसर तांदूळ वजनात अधिक भरतो. म्हणून धान्याच्या खरेदीत वजनाबरोबर ओलाव्याची मर्यादाही ठरवून द्यावी लागते.

घरगुती रूपांतर : वाटी, पेला, फुलपात्र यांचे आकारमान ठरलेले नसते. म्हणून घरातील एखादे भांडे कायमचे माप म्हणून निवडून त्याची परीक्षा एकदा करून ठेवणे श्रेयस्कर असते. तराजू नसल्यास एक किग्रॅ.चे पाकीट घेऊन त्यातील तांदूळ त्या भांड्याने काठासपाट मोजावा व १,००० या संख्येस मापांच्या संख्येने भागावे. उदा., एक किग्रॅ. तांदळाच्या साडेसहा वाट्या भरल्या, तर एका वाटीत सु. १५४ ग्रॅ. तांदूळ मावतो. तांदळाचा प्रकार बदलल्यास ही परीक्षा पुन्हा करावी. वाटी काठासपाट करण्यासाठी सुरीची पाठ किंवा सरळ पट्टी काठावरून फिरवावी. हाताने दाबू नये.

छापील पाककृतींतील ‘कप’ या शब्दानेही घोटाळा होतो. अमेरिकी कप सु. २३७ मिलि.चा असून त्यात लांब दाण्याचा तांदूळ सु. १८५ ग्रॅ. मावतो, मेट्रिक कप २५० मिलि.चा असून त्यात तो सु. १९५ ग्रॅ. मावतो. विजेवर भात शिजविणाऱ्या कुकरबरोबर येणारा मोजपेला जपानी ‘गो’वरून घेतलेला व १८० मिलि.चा असतो, त्यात आखूड दाण्याचा तांदूळ सु. १५० ग्रॅ. मावतो. कुकरच्या भांड्यातील रेषा या पेल्याच्या हिशेबाने आखलेल्या असतात. पेला हरवून त्याजागी दुसरा कप वापरल्यास तांदूळ अधिक व पाणी कमी पडते.

पाण्याचे प्रमाण : ‘तांदळाच्या दुप्पट पाणी’ हा नियम आकारमानाचा आहे, वजनाचा नव्हे. लांब दाण्याचा १०० ग्रॅ. तांदूळ १२८ मिलि. जागा व्यापतो, त्याच्या दुप्पट पाणी म्हणजे २५६ मिलि., अर्थात २५६ ग्रॅ. होय. वजनाच्या भाषेत हे प्रमाण जवळजवळ एकास अडीच होते. तांदूळ तोलून व पाणी त्याच्या वजनाच्या दुप्पट घेतल्यास पाणी पाचव्या हिश्शाहून अधिक कमी पडते. एकाच कृतीत एक पदार्थ तोलणे व दुसरा मापाने मोजणे यांतून होणारी ही नेहमीची चूक आहे.

या पाण्याचे दोन भाग पडतात. लांब दाण्याचा १०० ग्रॅ. तांदूळ शिजताना सु. १८० ग्रॅ. पाणी शोषून घेतो. उरलेले वाफ होऊन जाते. शोषले जाणारे पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढते. वाफेने जाणारे पाणी मात्र भांड्याच्या तोंडाची रुंदी, झाकण, आच आणि वेळ यांवर अवलंबून असते. म्हणूनच तांदूळ दुप्पट घेतल्यास पाणी पूर्ण दुप्पट लागत नाही, मोठ्या पंक्तीच्या स्वयंपाकात दर मापामागे पाणी कमी लागते आणि प्रेशर कुकरमध्ये वाफ अल्प जात असल्याने ते आणखी कमी पुरते. तांदळाच्या थरावर बोटाचे एक पेर बुडेल इतके पाणी ठेवण्याची रीत नेहमीच्या भांड्यात व नेहमीच्या प्रमाणात चांगली उपयोगी पडते. भांडे फार रुंद वा तांदूळ फार थोडा असल्यास ती फसते. जुना तांदूळ नव्यापेक्षा अधिक पाणी घेतो व अधिक फुगतो. नवा तांदूळ तितक्याच पाण्यात गिच्च होतो. ज्या तांदळात अमायलोज या स्टार्चघटकाचे प्रमाण अधिक असते, त्याचा भात मोकळा होतो व त्यास पाणीही अधिक लागते. भात वेळून जादा पाणी काढून टाकण्याच्या पद्धतीत आरंभीचे प्रमाण काटेकोर ठेवण्याची गरज नसते.

शिजल्यावर होणारी वाढ : तांदळात सु. १२ टक्के व शिजलेल्या भातात सु. ६८ टक्के पाणी असते. यावरून हिशेब केल्यास १०० ग्रॅ. तांदळाचा सु. २८० ग्रॅ. भात होतो. लांब दाण्याच्या तांदळाच्या एका वाटीचा सव्वातीन वाट्या भात होतो. वाढ पाण्याचीच असल्यामुळे पोषणमूल्य एकूण वाढत नाही : १०० ग्रॅ. तांदळातून सु. ३६५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर १०० ग्रॅ. भातातून सु. १३० किलोकॅलरी. पथ्याच्या तक्त्यात ‘तांदूळ १०० ग्रॅ.’ असे असता १०० ग्रॅ. भात खाल्ल्यास आहार जवळजवळ एकतृतीयांशावर येतो. उलट घोटाळा झाल्यास तो पावणेतीनपट होतो. मधुमेहासारख्या विकारांत या फरकास विशेष महत्त्व आहे.

शिधा व सार्वजनिक भोजन : जेथे अन्न ठरलेल्या वाट्याने द्यायचे असते, तेथे हे रूपांतर केवळ सोयीचे राहत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य गटातील कुटुंबास दरडोई दरमहा ५ किग्रॅ. धान्य मिळते. हे सर्व धान्य तांदूळ मानल्यास दररोज सु. १६७ ग्रॅ. तांदूळ, म्हणजे सु. २०५ मिलि.चे एक माप व सु. ४६५ ग्रॅ. भात, असा दरडोई हिशेब होतो.

शालेय पोषण आहारात प्राथमिक इयत्तांतील मुलामागे दररोज १०० ग्रॅ. व उच्च प्राथमिक इयत्तांतील मुलामागे १५० ग्रॅ. धान्य ठरलेले आहे. प्राथमिक शाळेतील ६० मुलांसाठी ६ किग्रॅ. तांदूळ लागतो. आखूड दाण्याच्या तांदळावरून सु. ७·१ लिटरची खूण डब्यावर करून ठेवली आणि पुढच्या खेपेस लांब दाण्याचा तांदूळ आला, तर त्याच खुणेपर्यंत सु. ५·५ किग्रॅ.च तांदूळ मावेल. डबा तितकाच भरलेला दिसेल, परंतु चार मुलांच्या वाट्याहून अधिक तांदूळ कमी शिजेल. हे टाळण्यासाठी तांदळाची प्रत्येक नवी खेप आल्यावर एकदा तराजूने तोलून डब्यावरील खूण तपासून घेणे पुरेसे असते. तराजूने परीक्षा करून ठेवलेले माप पुढे तो तांदूळ संपेपर्यंत भरवशाने वापरता येते.